पंधरा वर्षे स्कूटर चालवल्यानंतर पहिली गिअरची मोटारसायकल: कोणती घ्यावी आणि कशी शिकावी?

प्रश्न: मानेवाडा_ते_हिंगणा

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि हिंगण्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयात शिकवते. मानेवाडा चौक, रिंग रोडने छत्रपती चौक, पुढे प्रतापनगरवरून हिंगणा टी-पॉइंट असा माझा रोजचा रस्ता आहे आणि जाऊन-येऊन सुमारे ३० किलोमीटर होतात. गेली पंधरा वर्षे मी स्कूटर चालवत आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तरीही वयाच्या अडतिसाव्या वर्षी गिअरची मोटारसायकल घ्यावी असे मी ठरवले आहे. लहानपणी वडिलांच्या राजदूतच्या टाकीवर बसून आम्ही उमरेडला आजोळी जात असू, त्या इंजिनाचा आवाज अजून कानात आहे, याहून अधिक सबळ कारण माझ्याजवळ नाही.

अडचण अशी आहे की माझी उंची पाच फूट एक इंच आहे. मागच्या महिन्यात एका शोरूममध्ये साडेतीनशे सीसीच्या एका गाडीवर मी बसले. पाय टेकले, त्यामुळे धीर आला आणि गाडी जरा पुढे ढकलून वळवावी म्हणून मी हॅण्डल डावीकडे पूर्ण वळवले. गाडी थोडी पुढे गेली तशी घाबरून मी पुढचा ब्रेक दाबला आणि ती अगदी सावकाश, जणू विचार करत करत, डाव्या बाजूला कलली. ती मला सावरता आली नाही. इजा कोणालाच झाली नाही, आरशाची काडी तेवढी वाकली. परंतु तिथला विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्कूटीच घ्या." ते वाक्य मनातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पहिली गाडी किती सीसीची असावी? नवी घ्यावी की जुनी? स्कूटरची सवय उपयोगी पडते की आड येते? आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात मोटारसायकल चालवण्यात आनंद कितपत मिळतो? दसरा जवळ आला आहे, घरचे म्हणतात मुहूर्तावर घेऊन टाक. घाई करावी का?

उत्तर: जुनी_फटफटी

ताई, नमस्कार. मी निवृत्त माणूस आहे, चाळीस वर्षांहून अधिक काळ दुचाकीवर आहे आणि नव्यांना शिकवण्याचा मला छंद आहे, तेव्हा उत्तर लांबले तर क्षमा असावी.

आधी त्या पडलेल्या गाडीविषयी. तुम्ही ताकदीत कमी पडलात असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे नाही. हॅण्डल वळलेले असताना संथ गतीत पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक जागीच थांबते, मात्र गाडीचे वजन पुढे जातच राहते आणि ते सरळ न जाता वळलेल्या बाजूला कोसळते. सहा फुटी माणसाचीही गाडी अशीच पडते. एकदा का ती ठराविक कोनाच्या खाली गेली की १८०-१९० किलो कोणाच्याही हाताला तोलत नाहीत. चालण्याच्या वेगात वळताना फक्त मागचा ब्रेक, म्हणजे उजव्या पायाचा, एवढा एक नियम त्या दिवशी कोणी सांगितला असता तर आरसा वाचला असता.

आता कोणती गाडी. लोक सीसी विचारतात, मी वजन विचारतो. तुमची स्कूटर अ‍ॅक्टिव्हाच्या जातीची असेल तर तिचे वजन साधारण १०६ किलो आहे. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो भरते. म्हणजे पंधरा वर्षे जे वजन तुम्ही पार्किंगमध्ये मागेपुढे केले, त्याच्या जवळपास दुप्पट. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास आहे, टीव्हीएस रायडर १२३, पल्सर १५० ही १४८ च्या जवळ. शिकताना गाडी चालत असते त्याहून जास्त वेळ ती थांबलेली, ढकललेली, वळवलेली असते, आणि बहुतेक नवशिके पडतात ते याच वेळी.

सीटच्या उंचीचा आकडाही एकटा पाहू नका. रायडरची सीट ७८० मिलिमीटर आहे, स्प्लेंडरची ७८५, क्लासिकची ८०५. अ‍ॅव्हेंजर तर ७३७ वर येते, पण तिचे पाय ठेवायचे स्टॅण्ड पुढे असल्यामुळे उभे राहून खड्डा काढता येत नाही आणि वजनही १५० किलोच्या वर आहे. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि कागदावर बुटकी दिसणारी गाडी पायांना उंच लागते. म्हणून रोज जी चप्पल किंवा बूट घालता तेच घालून बसा. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असा हट्ट नको. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकले, किंवा एक पाय पूर्ण टेकून दुसरा ब्रेकवर ठेवता आला, तर पुरेसे आहे.

स्कूटरच्या सवयीचा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. रस्त्याचा अंदाज, आरसे पाहणे, रिक्षा कोणत्या क्षणी वळेल हे तिच्या पुढच्या चाकावरून ओळखणे, ही सगळी शिदोरी तुमच्याकडे तयार आहे आणि नव्या पोराला ती जमवायला दोन वर्षे लागतात. परंतु तुमचा डावा हात तुम्हाला फसवणार आहे. स्कूटरवर डाव्या हाताशी ब्रेक असतो, मोटारसायकलवर तिथे क्लच असतो. अचानक कुत्रे आडवे आले की पंधरा वर्षांची सवय डावा हात आवळणार, क्लच दाबला जाणार, आणि थांबण्याऐवजी गाडी इंजिनापासून सुटून मोकळी पळू लागणार. शिवाय स्कूटरवर उजव्या पायाला काही काम नसते, तो नुसता बसून असतो, त्याला आता मागचा ब्रेक सांभाळायचा आहे. हे डोक्याने समजून भागत नाही, हातापायांच्या अंगवळणी पडावे लागते.

त्यासाठी बेसा-घोगलीकडे अजून घरे न झालेले लेआउट आहेत, तिथे सकाळी सहाला जा. पहिला दिवस नुसता हाफ क्लचचा. गाडी चालू करा, क्लच दाबून पहिला गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका. आता क्लच इतका सावकाश सोडा की गाडी मांजरासारखी पुढे सरकायची तयारी करताना जाणवेल, इंजिनाचा आवाज किंचित खाली बसेल. तिथेच हात थांबवा आणि पुन्हा दाबा. असे पन्नास वेळा करा. कंटाळवाणे आहे, मान्य. पण ज्याला हा बिंदू सापडला त्याची गाडी पुलाच्या चढावर सिग्नललाही बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेक. आधी २० च्या वेगाने, मग ३०, मग ४०. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा मुठीने खसकन न ओढता लिंबू पिळल्यासारखा क्रमाने वाढवत. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील" हा घराघरांतला सल्ला सरळ गाडीवर चुकीचा आहे, वळलेल्या हॅण्डलवर मात्र खरा आहे.

एक हिशेब सांगतो, तो मी सर्वांना सांगतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काही आले हे दिसून हात ब्रेकवर पोहोचेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढे अंतर ब्रेक न लागताच संपते, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. हाच वेग ३० असेल तर दोन्ही मिळून तेरा-चौदा मीटरमध्ये काम होते. वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर चौपट होते.

तेव्हा माझे मत: १०० ते १२५ सीसी, हलकी आणि शक्य असेल तर वापरलेली. पहिली गाडी दोन-चारदा पडणारच, आधीच ओरखडे असलेली पडली तर जीव कमी तुटतो.

उत्तर: वर्धा_रोड_पहाटे

काकांचे हाफ क्लचचे आणि डाव्या हाताचे म्हणणे सोने आहे. "आधी १२५ घ्या" हे मात्र मला पूर्ण पटत नाही आणि ते नम्रपणे मांडते.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. पहिली आणि आजवरची एकमेव मोटारसायकल रॉयल एनफील्डची हंटर ३५०, वजन १८१ किलो. जड आहे, खरे आहे. परंतु तिचे इंजिन २७ न्यूटन-मीटरचा जोर (टॉर्क) मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच देते. १२५ सीसीच्या गाड्यांचा जोर ११ च्या आसपास असतो आणि तो मिळवायला इंजिन जास्त फिरवावे लागते. याचा नवशिक्याला होणारा अर्थ असा की मोठ्या इंजिनावर क्लच थोडा वेडावाकडा सुटला तरी गाडी धक्का देऊन बंद पडत नाही, ते तुमची चूक पोटात घालते. दुसरे म्हणजे ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, तर १२५ पर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस चालते. आपण ज्यांना १२५ म्हणतो त्या गाड्या प्रत्यक्षात १२३ किंवा १२४ सीसीच्या असतात आणि या रेषेच्या अलीकडेच राहतात. म्हणजे ज्याचे ब्रेक चुकण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच्याच गाडीला चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा नसते. हे मला उलटे वाटते. एक्स्ट्रीम १२५आर सारख्या एखाद्या गाडीत पुढच्या चाकाला एबीएसचा पर्याय मिळतो, तोही पाहा.

किमतीचेही गणित बदलले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला. साडेतीनशे म्हणवणारी ३४९ सीसीची इंजिने त्यामुळे स्वस्ताईच्या बाजूला पडली आहेत. आणि जी गाडी मनातून आवडत नाही ती वर्षभरात विकावी लागते, त्यात नुकसान होते, हाही हिशेब काकांनी धरावा.

माझ्या बाजूचा कच्चा दुवा मीच सांगते. आमच्या अपार्टमेंटचे पार्किंग रस्त्याच्या खाली उतरते. हंटर तोंड आत करून लावली की सकाळी मागे ओढत चढवणे माझ्याच्याने होत नाही. त्यामुळे मी रोज रात्री ती वळवून, तोंड बाहेर करून लावते. तुमच्याकडे उतार असेल तर घेण्याआधी हे करून पाहा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या हलक्या असतात.

नागपूरच्या रस्त्यांविषयी एक गोष्ट अनुभवाने सांगते. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले आणि कित्येक ठिकाणी सिमेंटचा पट्टा वर, कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) खाली, मध्ये तीन-चार इंचांची पायरी. पहिल्या पावसाळ्यात एका बसला वाट द्यायला मी तिरकी होत कडेला उतरले आणि लगेच पुन्हा वर यायला हॅण्डल किंचित वळवले. पुढचे चाक त्या पायरीला घासत राहिले, वर चढलेच नाही, आणि गाडी माझ्या खालून निघून गेली. गुडघ्याला सहा टाके पडले. अशी कड जवळजवळ समांतर धरून कधीही ओलांडू नये. उतरलातच तर वेग कमी करा, जागा मिळाली की कडेशी शक्य तितका काटकोन करून वर या, नाहीतर थांबून उतरा. ओल्या सिमेंटवरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर ब्रेक लावू नका.

उन्हाळ्याबद्दल खरे सांगायचे तर एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते पाच आनंद वगैरे काही नसतो, तो केवळ प्रवास असतो. सिग्नलला थांबलात की खालून इंजिनाची धग आणि वरून ऊन. सकाळी साडेपाच ते आठ हा वेळ मात्र त्या दिवसांतही आपला असतो. हेल्मेट घेताना आपण नागपूरच्या बायका जो सुती स्कार्फ चेहऱ्याला बांधतो तो बांधूनच मापून पाहा, कारण त्यावर घट्ट बसणारे हेल्मेट स्कार्फशिवाय हिवाळ्यात डुगडुगते. पातळ कापड घ्या आणि गाठ कानावर आणू नका, मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. हेल्मेटवर आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का पाहा. डोके हलवले की गालांची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटे फिरता कामा नये. काच पारदर्शकच घ्या, काळी काच संध्याकाळी दगा देते. आणि ओढणी: एकतर खोचून पिन लावा, नाहीतर घरी ठेवा. साडीगार्ड असले तरी उघड्या चेनशी ओढणीची मैत्री होऊ देऊ नये.

उत्तर: अर्ज_क्रमांक_दोन

गाडीच्या आधी परवाना पाहा. पुष्कळ स्कूटरचालकांच्या परवान्यावर फक्त विनागिअर दुचाकीचा वर्ग असतो. तसे असेल तर गिअरच्या वर्गासाठी परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर नवा शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो आणि किमान ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. वर्ग नसताना अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा सक्तीने येतो, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो आणि तो दरवर्षी आठवणीने भरावा लागतो.

उत्तर: गॅरेज_सक्करदरा

ताई, मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून वरच्या वादात पडत नाही. दोघांच्याही गाड्या माझ्याकडे येतातच.

जुनी घेणार असाल तर सकाळी जा आणि मालकाला आधी कळवा की गाडी चालू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावून पाहा, गार असले पाहिजे. गरम असेल तर सकाळी चालू व्हायला त्रास देते हे तो लपवत आहे असे समजा. चालू केल्यावर निळसर धूर आला आणि येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरून बोट फिरवा, तेलकट लागले तर सील गेले आहेत. मधल्या स्टॅण्डवर लावून पुढचे चाक उचला आणि हॅण्डल हळूहळू फिरवा. मधोमध येताना कुठे अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग खराब आहे किंवा गाडी समोरून ठोकलेली आहे. मागच्या चेनचक्राचे दात पाहा: त्रिकोणी असावेत, लाटेसारखे एका बाजूला झुकलेले असतील तर चेनसेट बदलण्याचा खर्च धरा. चेसिस नंबर आरसी बुकाशी अक्षरनअक्षर जुळवा.

कागदांत मालकीबदलाचे फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर बँकेचे फॉर्म ३५ आणि ना-हरकत घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. प्रलंबित ई-चलान ऑनलाइन पाहून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट लागली आहे का तेही पाहा. एमएच-३१, ४९ आणि ४० ही तीनही आपल्याच भागातली, पण कार्यालये वेगळी आहेत, अर्ज कुठे जाणार ते आधी विचारा.

नवी घेणार असाल तर दसऱ्याला नोंदणी करा, पूजा करा, गाडी मात्र चार दिवसांनी उचला. त्या दिवशी शोरूममध्ये इतकी गर्दी असते की कोणाला नटबोल्ट तपासायला सवड नसते. मागे एका ग्राहकाची मुहूर्तावर घेतलेली गाडी तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली होती, क्लचची केबल इतकी ताणलेली होती की क्लच पूर्ण सुटतच नव्हता आणि प्लेटा जळत होत्या. लिव्हरला थोडा सैलपणा असावाच लागतो.

पहिले हजार किलोमीटर इंजिन फार पळवू नका आणि एकाच वेगावरही धरू नका, वेग बदलता ठेवा. पहिली सर्व्हिसिंग पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला करा, त्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस असतो. चेनला दर ५०० किलोमीटरला, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, तिचेच वंगण लावा. जुने इंजिन ऑइल लावण्याची आपल्याकडची पद्धत सोडा, त्यावर धूळ बसून कानस तयार होते. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा. दुपारी दोनला ४५ अंशांत तपासलेली हवा जास्त दाखवते आणि पोरगा ती काढून टाकतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला.

पुढील नोंद: मानेवाडा_ते_हिंगणा

सर्वांचे आभार. चार महिन्यांनी लिहीत आहे, कारण काही सांगण्याजोगे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

परवाना पाहिला तर खरोखरच विनागिअरचा निघाला. पंधरा वर्षांत तो शब्द मी वाचलाच नव्हता. तेव्हा दसरा आपोआप टळला. शिकाऊ परवाना काढला, मावसभावाची जुनी स्प्लेंडर मागून आणली आणि तीन आठवडे पहाटे घोगलीच्या लेआउटमध्ये घालवले. पन्नास वेळा हाफ क्लच केले. तिसाव्या वेळी डाव्या हाताचा अंगठ्याखालचा भाग दुखू लागला आणि चाळिसाव्या वेळी तो मांजराचा क्षण सापडला. तिथे एक गुराखी रोज म्हशी घेऊन येत असे. तो थांबून पाहत राही आणि गाडी बंद पडली की म्हशींना काहीतरी सांगे.

दोन्ही बाजू ऐकून शेवटी रायडर घेतली, नवी. हंटरही चालवून पाहिली आणि चालताना ती फारच आवडली, हे कबूल करते. पण आमच्या फाटकासमोर चढ आहे आणि सकाळी सव्वासातला मला मदतीला कोणी नसते. एबीएसचा मुद्दा मात्र मनात राहिला आहे. म्हणून दर रविवारी दहा मिनिटे ब्रेकचा सराव अजूनही करते.

काकांनी सांगितलेला डावा हात ओंकारनगर चौकाजवळ भेटला. पुढची रिक्षा प्रवासी दिसताच जागीच थांबली आणि मी डावी मूठ आवळली. गाडी खरोखर मोकळी सुटून पळाली. अर्ध्या क्षणाने उजवा पाय जागा झाला आणि रिक्षाच्या मागच्या दांडीपासून वीतभर अंतरावर मी थांबले. वेग २५ च्या आसपास होता म्हणून निभावले. त्यानंतर आठवडाभर मी खुर्चीवर बसूनही उजवा पाय दाबत असे, वर्गात मुलांच्या ते लक्षात आले असावे.

जानेवारीत एका रविवारी एकटीने रामटेक केले. सहाला निघाले, कामठी रोडने कन्हान ओलांडून मनसरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४, तिथून उजवीकडे आत. जाऊन-येऊन ११० किलोमीटरच्या जवळपास झाले आणि पेट्रोल दोन लिटरच्या आत लागले. महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की आधी वारा ढकलतो आणि तो पुढे निघून गेला की उलट ओढतो, हे स्कूटरवर शहरात कधी कळले नव्हते. पहिल्या ट्रकला मी हॅण्डल घट्ट धरले आणि गाडी अधिक डळमळली. नंतर हात सैल ठेवून गुडघ्यांनी टाकी धरली तेव्हा ती आपली आपण सरळ जाऊ लागली. त्या क्षणी टाकीचा थंड पत्रा दोन्ही गुडघ्यांना लागला आणि मला उमरेडचा रस्ता आठवला. तेव्हा मी टाकीच्या वर बसत असे.

गडावरून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून दिला की इंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेकला थोडेच काम उरते, ही या प्रवासातली सर्वांत मोठी मजा. स्कूटरवर उतारावर मी सतत ब्रेक धरून असे. वर देवळापाशी मी पायऱ्या चढून परत आले तेव्हा सीटवर एक वानर आरशात स्वतःला निरखत बसले होते. त्याला उठवायला मला दहा मिनिटे लागली.

आता एक नवा प्रश्न. माझे सासरे, वय बहात्तर, वजन पंचाहत्तर किलो, मागे बसून अदासाच्या गणपतीला जायचे म्हणत आहेत. १२३ किलोच्या गाडीवर मागे एवढे वजन घेताना काय बदलावे लागेल?

उत्तर: गॅरेज_सक्करदरा

मागच्या टायरची हवा मागे माणूस असतानाच्या आकड्यावर न्या. तो आकडा चेनकव्हरजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत वेगळा छापलेला असतो. मागचा शॉकअप एक-दोन खाचा कडक करा, सोबत दिलेला पाना त्यासाठीच आहे. मग त्यांना बसवून हेडलाइट भिंतीवर पाडून पाहा, मागचा भाग दबला की उजेड वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. ब्रेक रोजच्यापेक्षा लवकर सुरू करा, पुढचा जोरात ओढलात तर त्यांचे सगळे वजन तुमच्या पाठीवर येईल. त्यांनी चढताना आणि उतरताना आधी सांगायचे, तुमचे दोन्ही पाय जमिनीवर असतानाच, आणि बाजूच्या स्टॅण्डवर उभ्या गाडीवर चढायचे नाही. वळणावर त्यांनी तुमच्या खांद्यावरून वळणाच्या बाजूला पाहायचे, उलट झुकायचे नाही. जुनी माणसे भीतीने उलट झुकतात. आधी मानेवाड्यातच दोन फेऱ्या मारा. दुसरे हेल्मेट त्यांच्या मापाचे घ्या, तुमचे त्यांना बसणार नाही.